यशवंतरावांचा न लिहिलेला खंड

युद्धकाळात घेतलेल्या निर्णयांचा हिशेब राज्यकर्ते बहुधा निवृत्तीनंतर मांडतात आणि त्यात जमेची बाजू सहसा मोठी असते. यशवंतराव चव्हाणांनी हा हिशेब हयातीत मांडलाच नाही. पराभूत सैन्याची उभारणी आणि पुढचे युद्ध, ही दोन्ही कामे ज्या संरक्षणमंत्र्याच्या वाट्याला आली, त्याचे हे मौन विचार करण्यासारखे आहे.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्म, कऱ्हाडात शिक्षण, १९४२ मध्ये भूमिगत लढा, १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्रिपद, हा प्रवास मराठी वाचकाला पाठ आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि पंडित नेहरूंनी चव्हाणांना दिल्लीस बोलावून घेतले. त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा सेला आणि बोमदिला पडले होते आणि चीनने एकतर्फी शस्त्रसंधीची घोषणा केली होती. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचा अभिमान महाराष्ट्राने पुढे वर्षानुवर्षे मिरवला. प्रत्यक्षात नव्या मंत्र्यासमोर होते ते पराभवानंतरचे निस्तरणे.

त्यातले सर्वांत अवघड प्रकरण चौकशीचे. लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी ती लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडिअर भगत यांच्याकडे सोपवली. तिची कक्षा लष्करी कारवाईपुरती आखली गेली. राजकीय निर्णय जेथे झाले ती दालने तिच्याबाहेर राहिली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले. पर्वतीय युद्धाच्या प्रशिक्षणातील उणिवा आणि साधनसामग्रीची टंचाई त्यांनी मान्य केली, मात्र सुरक्षेच्या कारणास्तव अहवाल प्रसिद्ध करण्यास नकार दिला. त्याच निवेदनात एक विधान असे होते की त्याकडे अजूनही पुरेसे लक्ष गेलेले नाही. सैन्य कितीही मोठे असले तरी त्याला सरकारकडून योग्य धोरण व आदेश मिळावे लागतात आणि ते आदेश सैन्याच्या बळाशी व सामग्रीशी सुसंगत असावे लागतात, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. नेहरू पंतप्रधान असताना त्यांच्याच मंत्रिमंडळातील सदस्याने याहून अधिक बोलणे शक्य नव्हते. परंतु अहवाल कपाटात गेला तो गेलाच. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला; सरकारने तो अधिकृतपणे आजवर खुला केलेला नाही. सैन्याचे मनोधैर्य जपण्यासाठी १९६३ मध्ये जे योग्य वाटले, ते कायमचे धोरण होऊन बसले, याची जबाबदारी एकट्या चव्हाणांवर टाकता येत नाही. पण पायंडा त्यांच्याच काळात पडला.

मंत्रालयात मात्र त्यांनी वेगळी शिस्त आणली. तिन्ही दलप्रमुख आणि सचिव यांच्यासमवेत ते सकाळी नियमित बैठक घेऊ लागले. मंत्री आणि सेनापती यांच्यातला तुटलेला संवाद असा पुन्हा जुळला.

त्याचे फळ १ सप्टेंबर १९६५ रोजी दिसले. छांब भागात पाकिस्तानी रणगाडे मुसंडी मारत असताना लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग दुपारी त्यांच्याकडे आले. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती. चव्हाणांनी मंत्रिमंडळाच्या औपचारिक संमतीची वाट न पाहता काही मिनिटांत परवानगी दिली. संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली आणि जुनाट बनावटीची चार व्हॅम्पायर विमाने त्याच दिवशी गमवावी लागली. निर्णय बरोबर ठरला, पण तो फुकट मिळाला नाही.

या युद्धकाळात त्यांनी रोजनिशी ठेवली होती. त्यांचे खाजगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये, म्हणजे चव्हाणांच्या मृत्यूनंतर तब्बल तेवीस वर्षांनी, पुस्तकरूपाने पुढे आणली. कसूर भागात प्रतिहल्ल्यांमुळे माघार घ्यावी लागली त्या दिवसांत लष्करप्रमुख काहीसे डळमळले होते आणि आपण त्यांना आघाडीवर जाऊन परिस्थिती पाहण्यास सुचवले, ही नोंद तीत आहे. मंत्र्याने सेनापतीविषयी लिहिलेले इतके स्पष्ट टिपण आपल्याकडे विरळाच. जाहीर जीवनात मात्र चव्हाणांनी त्याचा उपयोग स्वतःचे महत्त्व वाढवण्यासाठी केला नाही. विजयाच्या श्रेयावरून वाद रंगत असतानाही ते संयमानेच वागले.

जानेवारी १९६६ मध्ये ते ताश्कंदला शिष्टमंडळात होते. करारानुसार दोन्ही सैन्ये ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायची होती. म्हणजे जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंडही सोडायची होती. स्वाक्षऱ्या झाल्या त्याच रात्री लालबहादूर शास्त्री गेले. या सोडण्याविषयी संरक्षणमंत्र्याच्या मनात काय होते, हे त्यांनी सविस्तर सांगायला हवे होते.

पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आली, १९७९ मध्ये अल्पकाळ उपपंतप्रधानपद आले. आत्मचरित्राची योजना त्यांनी तीन खंडांची आखली होती : कृष्णेचा काठ, मग मुंबईचा समुद्र, शेवटी यमुनातीर. १९८४ मध्ये आलेले ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी थांबते. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या होत्या आणि प्रकृतीही ढासळत चालली होती. त्या काळात आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी राज्यांच्या वाट्याची आकडेमोड पूर्ण केली आणि अहवाल सरकारला सादर केला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा यमुनातीरीचा खंड लिहायचा राहिलेलाच होता.