एमआयटीची पहिली विद्यार्थिनी, जिने स्वयंपाकघरात केमिस्ट्री नेली, पण शाळेत तिचा विषय ‘पोरींचा’ होऊन बसला

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या पोरांना गणित, इंग्रजी, विज्ञान अशा सक्तीच्या विषयांसोबत काही ऐच्छिक विषय निवडायचे असतात. कुणी चित्रकला घेतं, कुणी बँड. बऱ्याच शाळांमध्ये या यादीत आणखी दोन विषय दिसतात, स्वयंपाक आणि फॅशन शिवणकाम. एका वर्गात ओटे, शेगड्या आणि ओव्हन, तर दुसऱ्या वर्गात शिलाई मशीन, कापड आणि मोजपट्ट्या. मुलंही येतात, मुलीही येतात.

आता तुम्ही म्हणाल, स्वयंपाक आणि शिवण हे काय शाळेत शिकायचे विषय आहेत? ते तर माणूस घरी बघून बघून शिकतो.

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीही विचारला जायचा. आणि त्याला सगळ्यात जोरदार उत्तर दिलं होतं ते कुठल्या सुगरणीनं नाही, तर एका केमिस्टनं. नाव एलेन स्वॅलो रिचर्ड्स. ज्या विषयाला पुढे होम इकॉनॉमिक्स म्हणायला लागले, त्याच्या पायाभरणीत या बाईंचं नाव पहिलं घेतलं जातं. पण त्यांना जे हवं होतं आणि शाळांमध्ये जे झालं, त्यात बरंच अंतर पडलं.

शिकायचं होतं, पण कॉलेजच नव्हतं

३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल नावाच्या खेड्यात एलेनचा जन्म झाला. आईवडिलांची ती एकुलती एक. घरची शेती होती. आईवडील दोघंही आधी शिक्षक होते, त्यामुळं पोरीचा सुरुवातीचा अभ्यास घरीच झाला. पुढं लेकीला चांगली शाळा मिळावी म्हणून हे कुटुंब वेस्टफर्डला राहायला गेलं आणि वडिलांनी तिथं दुकान टाकलं. एलेन शाळा शिकायची, दुकानात हातभार लावायची आणि आजारी आईकडं बघत घरकामही करायची. स्वयंपाक, धुणं, शिवण सगळं तिला यायचं.

अडचण पुढच्या शिक्षणाची होती. तिच्या भागात मुलींना पदवीपर्यंत शिकवणारं कॉलेजच नव्हतं. न्यूयॉर्क राज्यात व्हॅसर हे मुलींचं कॉलेज १८६५ मध्ये सुरू झालं, पण तिथं जायला पैसे लागणार होते. एलेननं शिकवण्या घेतल्या, लोकांच्या घरी साफसफाईची आणि स्वयंपाकाची कामं केली आणि ३०० डॉलर साठवले. १८६८ मध्ये ती व्हॅसरला पोचली तेव्हा पंचविशी उलटली होती.

व्हॅसरमध्ये तिला मारिया मिचेल यांच्यासारख्या नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञ शिक्षिका म्हणून मिळाल्या. आकाशाचं वेड लागलंच होतं, पण शेवटी तिनं केमिस्ट्री निवडली. कारण साधं होतं. केमिस्ट्री रोजच्या जगण्यात उपयोगी पडणार होती.

फी माफ झाली, पण का?

१८७० मध्ये पदवी हातात आली. आता नोकरी. एलेन यांनी केमिस्ट लोकांच्या कंपन्यांना पत्रं पाठवली. नकारच आले. त्यातल्या एका उत्तरात मात्र बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रयत्न करून बघा असा सल्ला होता. हीच ती एमआयटी. तोपर्यंत तिथं एकही मुलगी शिकलेली नव्हती.

संस्थेनं त्यांना ‘स्पेशल स्टुडंट’ म्हणून घेतलं आणि फीसुद्धा माफ केली. एलेन यांना वाटलं, आपली परिस्थिती बघून केलेली ही मदत आहे. खरी गोष्ट त्यांना नंतर समजली. फी घेतली असती तर त्यांचं नाव रीतसर विद्यार्थ्यांच्या यादीत चढलं असतं. उद्या कुणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनीच नाही असं सांगता यावं, म्हणून ही सोय होती.

हा काळ समजून घ्या. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेत पोचल्या त्या १८८३ मध्ये, म्हणजे याच्या बारा-तेरा वर्षांनंतर. त्यांचं कॉलेज मुळात बायकांसाठीच होतं. एलेन मात्र पुरुषांच्या संस्थेत एकट्या शिरल्या होत्या.

त्यातच प्रवेशाला काही महिने होत नाहीत तोवर रेल्वेच्या अपघातात वडील गेले. आईची जबाबदारी आता पूर्णपणे त्यांच्यावर आली.

एमआयटीत टिकायचं कसं? इथं एलेन यांनी एक युक्ती केली. सुई, दोरा, कात्री अशा वस्तू त्या जवळ ठेवायच्या. कुणा प्रोफेसरचं काही उसवलं तर टाका घालून द्यायच्या, बोट कापलं तर पट्टी बांधायच्या, लॅबमधली टेबलं पुसायच्या. ही बाई घरकाम विसरलेली नाही, हे दिसलं की लोकांचा विरोध मावळतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. १८७३ मध्ये त्या एमआयटीच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्याच वर्षी व्हॅसरनं त्यांना एमए दिली. एमआयटीची डॉक्टरेट मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

म्हणजे बघा, ज्या सुईदोऱ्याला शाळेत जागा मिळावी म्हणून त्या पुढं झटल्या, त्याच सुईदोऱ्यानं त्यांना प्रयोगशाळेत टिकायला मदत केली होती.

पाणी, मसाले आणि वॉलपेपर

१८७५ मध्ये एमआयटीतलेच खाणकामाचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं. रॉबर्ट यांनी लग्नाची मागणी घातली तीही लॅबमध्येच. लग्नानंतर दोघं नोव्हा स्कोशियाला गेले, तर सोबत खाणकाम शिकणारी पोरंही होती. हनीमून आणि अभ्यासदौरा एकातच उरकला.

१८७६ मध्ये बोस्टनच्या एका महिला संस्थेनं पैसे उभे केले आणि एमआयटीत बायकांसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू झाली. एलेन तिथं विनापगार शिकवायच्या. किराणा मालात भेसळ आहे का, वॉलपेपरच्या आणि कापडाच्या रंगात आर्सेनिक आहे का, अशा गोष्टी या लॅबमध्ये तपासल्या जायच्या. १८८३ मध्ये ही लॅब बंद झाली, कारण आता मुलींना इतर विद्यार्थ्यांसोबत बसता येऊ लागलं होतं. पुढच्या वर्षी एलेन यांना सॅनिटरी केमिस्ट्रीच्या इन्स्ट्रक्टर म्हणून नेमलं गेलं.

१८८७ मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळानं मॅसॅच्युसेट्समधलं पाणी तपासायचं मोठं काम हाती घेतलं. त्याची प्रयोगशाळा एलेन सांभाळत होत्या. राज्यभरातून पाण्याचे हजारो नमुने आले. त्यातून एक नकाशा तयार झाला. समुद्राजवळच्या पाण्यात मीठ, म्हणजे क्लोराइड, नैसर्गिकपणे जास्त असतं आणि आत जाल तसं ते कमी होतं. हे प्रमाण नकाशावर मांडलं की एखाद्या गावात ते नेहमीपेक्षा जास्त दिसताच शंका घेता येते की पाण्यात सांडपाणी मिसळतंय. पिण्याच्या पाण्याची देखरेख करायला हे साधं हत्यार फार कामाला आलं.

मग एवढ्या मोठ्या केमिस्टला स्वयंपाकघरात काय शोधायचं होतं?

घर बदललं होतं, पण शिक्षण नाही

एलेन यांचं म्हणणं असं होतं. पूर्वी साबण, मेणबत्त्या, कापड, पाव हे सगळं घरात बनायचं. काय घातलंय ते घरच्या बाईला माहीत असायचं. आता हे सगळं कारखान्यात गेलं. घरची बाई वस्तू बनवणारी न राहता विकत घेणारी झाली. पण विकत घेतलेल्या वस्तूत काय आहे, ती भावाप्रमाणे आहे का, तिच्यानं आजार होईल का, हे ओळखायचं शिक्षण तिला कुणी दिलंच नाही.

त्यामुळं शाळेत स्वयंपाक शिकवायचा तो पाककृती पाठ व्हाव्यात म्हणून नाही. पीठ का फुगतं, दूध का नासतं, कुठल्या अन्नातून किती पोषण मिळतं हे समजावं म्हणून. शिवण शिकवायची ती कापडाचा पोत, टिकाऊपणा आणि किंमत यांचा हिशेब कळावा म्हणून. १८८२ मध्ये आलेलं त्यांचं ‘द केमिस्ट्री ऑफ कुकिंग अँड क्लीनिंग’ हे पुस्तक याच विचाराचं होतं. स्वतःच्या घरातही त्यांनी जड पडदे आणि गालिचे काढले, गॅसची शेगडी आणली, हवा खेळती राहील अशी सोय केली.

सूप पौष्टिक होतं, पण लोकांनी खाल्लं नाही

१८९० मध्ये मेरी हिनमन एबल यांच्यासोबत त्यांनी बोस्टनमध्ये न्यू इंग्लंड किचन सुरू केलं. गरीब कामगारांना स्वस्त, स्वच्छ आणि पौष्टिक अन्न विकायचं. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मांसाचं सूप, वाटाण्याचं सूप, मक्याची लापशी. प्रत्येक पदार्थ मोजूनमापून, दर वेळी सारखाच.

पण वस्तीत आयरिश, इटालियन अशी बाहेरून आलेली माणसं होती. त्यांना आपल्या चवीचं जेवण हवं होतं. आकडे सगळे बरोबर होते, तरी लोक फिरकले नाहीत. माणूस फक्त पोषण खात नाही, सवय आणि आठवणही खातो, हा धडा या किचननं दिला.

किचन मात्र वाया गेलं नाही. १८९४ पासून बोस्टनच्या हायस्कूलमध्ये दुपारचं जेवण पुरवायचं काम त्याला मिळालं. अमेरिकेतल्या शाळेतल्या जेवणाच्या इतिहासात हे पाऊल महत्त्वाचं मानलं जातं. त्याआधी १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात एलेन यांनी रमफर्ड किचन मांडलं होतं. तिथं जेवणाऱ्याला ताटातल्या पदार्थात किती पोषण आहे हेही वाचायला मिळायचं. आज पाकिटाच्या मागं जो तक्ता असतो, ती कल्पना तिथं थेट ताटासोबत दिसत होती.

११ माणसं आणि एक नाव

सप्टेंबर १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडला ११ जण जमले. यजमान होते मेलविल ड्युई आणि त्यांची पत्नी ॲनी. हे ड्युई म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांना दशांश पद्धतीनं नंबर देणारे. घर चालवण्याच्या या ज्ञानाला नाव काय द्यायचं, शाळेत कुठल्या वयात काय शिकवायचं, यावर चर्चा झाली. ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव ठरलं. मग १९०८ पर्यंत दर वर्षी अशी परिषद झाली आणि त्यातून अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन उभी राहिली. पहिल्या अध्यक्षा अर्थातच एलेन.

विरोध मात्र आपल्याच माणसांकडून झाला. शिकलेल्या बायकांची एक संघटना एलेन यांनीच १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला इतरांसोबत उभी केली होती. त्याच संघटनेनं १९०५ मध्ये मत दिलं की बायकांच्या कॉलेजच्या पदवीत या विषयाला जागा नको. त्यांची भीतीही खोटी नव्हती. एवढी धडपड करून कॉलेजपर्यंत पोचलेल्या मुलींना पुन्हा चुलीपाशी नेऊन बसवायचं का?

३० मार्च १९११ रोजी एलेन गेल्या. वय ६८. तोवर एमआयटीत २७ वर्षं नोकरी झाली होती, पण पद शेवटपर्यंत इन्स्ट्रक्टरचंच राहिलं. प्रोफेसर त्यांना कधीच केलं गेलं नाही.

पुढं काय झालं?

१९१७ मध्ये स्मिथ-ह्यूज कायदा आला. व्यवसाय शिक्षणासाठी केंद्र सरकारचा पैसा शाळांना मिळू लागला, त्यात होम इकॉनॉमिक्सही होतं. विषय देशभर पसरला. पण पसरता पसरता त्यातली केमिस्ट्री पातळ झाली. कित्येक शाळांमध्ये पोरी स्वयंपाक-शिवणाला आणि पोरं सुतारकामाला अशी सरळ विभागणी झाली. विज्ञान शिकलेल्या कितीतरी बायकांना विद्यापीठात नोकरी मिळाली ती याच विभागात, कारण केमिस्ट्रीचा विभाग त्यांना घेत नव्हता. एक दार उघडलं होतं, पण त्याच दारातून सगळ्यांना ढकललं गेलं.

हा विचार अमेरिकेपुरता राहिला नाही. जपान विमेन्स युनिव्हर्सिटी १९०१ मध्ये सुरू झाली तेव्हा गृहशास्त्राचा विभाग पहिल्यापासून होता. त्याच विद्यापीठाची माहिती वाचून धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. आजचं एसएनडीटी ते हेच. तिथल्या अभ्यासक्रमातही गृहशास्त्राला जागा होती आणि हा विषय बायकांना पुढं नेतो की घरातच ठेवतो, हा वाद आपल्याकडंही होत राहिला.

अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं शाळेत मुलगा-मुलगी असा भेद करायला बंदी आली आणि स्वयंपाक-शिवणाच्या वर्गाचं दार मुलांनाही उघडलं. १९९४ मध्ये एलेन यांच्या संघटनेनं नाव बदलून ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ असं केलं. या नावात ग्राहकही आहे आणि विज्ञानही, म्हणजे एलेन ज्याबद्दल बोलत होत्या त्या दोन्ही गोष्टी.

आज हायस्कूलमधला एखादा मुलगा ऐच्छिक विषय म्हणून फॅशन शिवणकाम निवडतो आणि कापडाचं लेबल वाचून त्यात कापूस किती आणि पॉलिस्टर किती हे बघतो, तेव्हा तो एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांचाच धडा गिरवत असतो. घर कुणीही चालवावं, बाईनं किंवा पुरुषानं. पण आपण काय खातो, काय नेसतो आणि काय पितो हे समजून चालवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.