जयपाल सिंग मुंडा : बचावफळीतला कप्तान

हॉकीचा विषय निघाला की आपल्याला पटकन आठवतात ते ध्यानचंद. आठवायलाच हवेत. पण १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये ज्या संघाने भारताला हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, त्या संघाचे कप्तान ध्यानचंद नव्हते. कप्तान होते जयपाल सिंग मुंडा, छोटानागपूरच्या एका मुंडा आदिवासी घरातून आलेले. गोल मारणं हे त्यांचं काम नव्हतं. ते फुलबॅक होते, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरून येणारा हल्ला अडवणारे. आपल्या दादरा-नगर हवेलीत वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी अशा घरांतून शिकायला येणारी मुलंमुली कितीतरी आहेत. त्यांच्यापर्यंत हे नाव फारसं पोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

जयपाल सिंग यांचा जन्म ३ जानेवारी १९०३ चा. गाव टकरा, आजच्या झारखंडमधल्या खुंटीजवळचं. लहानपणीचं नाव प्रमोद पाहन. गावातल्या इतर पोरांसारखं त्यांच्याकडेही गुरं राखायचं काम होतं. त्यांच्या जन्माच्या तीनच वर्षं आधी, १९०० मध्ये, बिरसा मुंडा यांचा रांचीच्या तुरुंगात मृत्यू झाला होता. म्हणजे ज्या मुलुखात ते वाढले तिथे जमीन कुणाची, जंगल कुणाचं, हा प्रश्न पुस्तकातला नव्हता, घराघरातला होता.

गावातून ते रांचीच्या सेंट पॉल्स या मिशनच्या शाळेत आले. तिथले मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांनी या मुलाची हुशारी हेरली आणि त्याला आपल्याबरोबर इंग्लंडला नेलं. आधी कँटरबरीचं सेंट ऑगस्टिन्स कॉलेज, मग ऑक्सफर्डचं सेंट जॉन्स. तिथे त्यांनी अर्थशास्त्रात पदवी घेतली, वादविवादात नाव कमावलं आणि हॉकीत ऑक्सफर्ड ब्लू मिळवला. विद्यापीठाकडून खेळणाऱ्याला मिळणारा हा मोठा मान. इंग्रजी वर्तमानपत्रांत ते हॉकीवर लिहीतही असत.

आता थोडं त्यांच्या जागेविषयी. त्या काळी हॉकीचा संघ मैदानात उतरायचा तो असा : पुढे पाच फॉरवर्ड, मध्ये तीन हाफबॅक, मागे दोनच फुलबॅक आणि शेवटी गोलकीपर. आजच्यासारखी चार-पाच जणांची बचावफळी नव्हती. प्रतिस्पर्ध्याचे फॉरवर्ड हाफबॅकना चुकवून पुढे आले की त्यांच्यासमोर दोनच माणसं उरायची. धावत जाऊन चेंडू हिसकवायचा की थांबून वाट अडवायची, हे क्षणात ठरवावं लागायचं. चेंडू मिळाला की तो नुसता भिरकावून चालत नसे, आपल्या माणसाकडे नेमका मारावा लागे, कारण तिथूनच आपला हल्ला सुरू व्हायचा. शिवाय फुलबॅकला मागून सगळं मैदान दिसतं. कोण दमलंय, कुठे जागा रिकामी पडलीय, हे त्याला आधी कळतं. जयपाल सिंग यांचं टॅकलिंग स्वच्छ होतं आणि फटका जोरकस होता, अशी त्यांची ख्याती होती.

ऑक्सफर्डनंतर त्यांची आय. सी. एस. मध्ये निवड झाली. त्या काळच्या हिंदुस्थानी तरुणाला याहून मोठी नोकरी नव्हती. कलेक्टरची खुर्ची, बंगला, पेन्शन, सगळं आलं. ते इंग्लंडमध्येच उमेदवारीचा काळ पुरा करत होते आणि तेवढ्यात निरोप आला की ऑलिम्पिकला जाणाऱ्या भारतीय संघाचं कप्तानपद त्यांना दिलंय. त्यांनी रजा मागितली. रजा नाकारली गेली. आता एका बाजूला जन्माची नोकरी आणि दुसऱ्या बाजूला काही आठवड्यांचा खेळ, तोही असा की ज्यात एक पैसा मिळणार नव्हता. जयपाल सिंग रजेशिवाय गेले.

इकडे भारतातून संघ मार्च १९२८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाला. निरोप द्यायला अवघे तीन जण आले होते, असं सांगतात. कप्तान इंग्लंडमध्ये संघाला येऊन मिळाले आणि तिथे सरावाचे सामने झाले. गंमत अशी की ब्रिटनने त्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीचा संघ उतरवलाच नाही. आपल्याच वसाहतीकडून हरण्याची भीती, असं त्याचं कारण बोललं गेलं.

ॲमस्टरडॅमला भारताने ऑस्ट्रियाला ६-०, बेल्जियमला ९-०, डेन्मार्कला ५-० आणि स्वित्झर्लंडला ६-० असं हरवलं. २६ मे रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंडवर ३-० ने मात केली. पाच सामने, २९ गोल. त्यातले १४ एकट्या ध्यानचंद यांचे. हे आकडे सगळे सांगतात. पण दुसऱ्या रकान्याकडेही बघा : भारतावर झालेले गोल शून्य. त्या शून्यात नागपुरात जन्मलेले गोलकीपर रिचर्ड ॲलन यांचा वाटा आहे, हाफबॅकचा आहे आणि फुलबॅकचाही आहे. गोल मारला की मारणाऱ्याचं नाव लिहिलं जातं. अडवलेल्या गोलासमोर कुणाचंच नाव लागत नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. अंतिम सामन्यात जयपाल सिंग मैदानावर नव्हते. त्याआधीच ते संघापासून दूर झाले होते आणि त्या दिवशी कप्तानी केली ब्रूम पिनिंगर यांनी. ज्या स्पर्धेसाठी नोकरी पणाला लावली, तिचा शेवटचा सामना कप्तान खेळला नाही. म्हणून त्यांचं श्रेय कमी होत नाही, पण त्यांच्या आयुष्यात असे रिकामे राहिलेले क्षण पुढेही आले, म्हणून हे लक्षात ठेवायचं.

स्पर्धेनंतर आय. सी. एस. च्या अधिकाऱ्यांनी त्यांना आणखी एक वर्ष उमेदवारी करायला सांगितलं. रजेशिवाय गेल्याची ती शिक्षाच होती. जयपाल सिंग यांनी ती भोगली नाही, सरळ नोकरीच सोडून दिली.

पुढची दहा वर्षं भटकंतीची. बर्मा शेल या तेल कंपनीत नोकरी, कलकत्त्याला मोहन बागानच्या हॉकी संघाची बांधणी, आफ्रिकेत गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, अचिमोटा कॉलेजात शिक्षकी, रायपूरचं राजकुमार कॉलेज, बिकानेर संस्थानात मोठा हुद्दा. साहेबी राहणी, उत्तम इंग्रजी, वरच्या वर्तुळातली ऊठबस. इथेच थांबले असते तर सुखात राहिले असते. पण १९३९ मध्ये ते रांचीला आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले आणि त्यानंतर त्यांचं मैदान बदललं. लोक त्यांना मरांग गोमके म्हणू लागले, म्हणजे मोठा पुढारी.

१९४६ मध्ये ते बिहारमधून संविधान सभेवर निवडून गेले. १९ डिसेंबर १९४६ चं त्यांचं भाषण आजही वाचण्यासारखं आहे. उद्दिष्टांच्या ठरावाला त्यांनी पाठिंबा दिला, पण हात जोडून नाही. ज्या शब्दाने आपल्या लोकांना हिणवलं जातं, तो जंगली हा शब्द त्यांनी स्वतःहून अभिमानाने अंगावर घेतला. आदिवासींना लोकशाही शिकवायची गरज नाही, त्यांच्याकडूनच ती शिकावी, असं त्यांनी त्या सभेला ऐकवलं. सभेत पुरुषच फार आहेत, आदिवासी बायाही यायला हव्यात, हेही त्यांनी सांगितलं.

पुढची तीन वर्षं ते जणू फुलबॅकच्याच जागेवर उभे होते. सभेत आदिवासी सदस्य मोजके. दारूबंदीचं कलम आलं, तेव्हा तांदळाची हंडिया आदिवासींच्या पूजेचा आणि शेतीच्या कष्टाचा भाग आहे, हे त्यांनी सांगितलं. जमीन आदिवासींच्या हातून जाऊ नये, सल्लागार परिषदेला खरा अधिकार असावा, म्हणून ते भांडले. आदिवासी हाच शब्द संविधानात यावा, असा त्यांचा आग्रह होता. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं असं पडलं की त्या शब्दाला कायद्यात नेमका अर्थ नाही, आणि अनुसूचित जमाती हाच शब्द कायम राहिला. सगळे चेंडू अडवता आले नाहीत. पण कुठलाही चेंडू बघत बसून त्यांनी जाऊ दिला नाही.

१ जानेवारी १९४८ रोजी खरसावाँच्या बाजारात संस्थान ओरिसात विलीन करण्याच्या विरोधात आदिवासींची मोठी सभा भरली होती. लोक जयपाल सिंग यांना ऐकायला लांबलांबून पायी आले होते. ते पोचू शकले नाहीत. पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक आदिवासी जिवाला मुकले. आजही तिथे १ जानेवारीला नवं वर्ष साजरं होत नाही, शहीद दिवस पाळतात.

त्यांच्या झारखंड पार्टीने १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या आणि ती मुख्य विरोधी पक्ष झाली. मागणी एकच, वेगळं झारखंड राज्य. राज्य पुनर्रचना आयोगाने ती मानली नाही. हळूहळू जागा घटल्या, पैसा आणि माणसं कमी पडली. शेवटी १९६३ मध्ये त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. हा निर्णय त्यांच्याच माणसांना फार लागला. ज्याच्या भरवशावर आपण पुढे गेलो तोच मागची जागा सोडून गेला, असं अनेकांना वाटलं, आणि तसं वाटणं चूक नव्हतं. राज्य मिळालं नाहीच. ते शेवटपर्यंत खासदार राहिले आणि २० मार्च १९७० रोजी दिल्लीत वारले. झारखंड राज्य झालं १५ नोव्हेंबर २००० ला, बिरसा मुंडा यांच्या जयंतीदिवशी. तोवर जयपाल सिंग यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

आपल्या सिल्वासाशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. ऑगस्ट १९६१ मध्ये दादरा-नगर हवेली भारतात सामील झाली, तेव्हा जयपाल सिंग लोकसभेचे सदस्य होते. पुढच्याच वर्षी इथल्या अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. आपल्या वर्गातल्या कुणाच्या दाखल्यावर वारली किंवा धोडिया असं लिहिलेलं असतं, इथली लोकसभेची जागा राखीव असते, त्यामागे संविधान सभेतला तो सगळा वाद उभा आहे. तो वाद घालणाऱ्यांत खुंटीजवळच्या गावातून आलेला हा हॉकीपटू पुढे होता.

त्यांच्या आयुष्यात पूर्ण विजय असा एकही सापडत नाही. सुवर्णपदक मिळालं, पण अंतिम सामना हुकला. संविधानात आदिवासींना संरक्षण मिळालं, पण हवा तो शब्द आला नाही. राज्याची मागणी जिवंत ठेवली, पण पक्ष हातचा गेला. तरीही एक विचार करून बघा : ते त्या जागेवर उभेच राहिले नसते, तर आणखी काय काय गेलं असतं?

संविधान सभेतल्या चर्चा छापील स्वरूपात आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या आहेत. परीक्षा संपल्या की निदान १९ डिसेंबर १९४६ ची तारीख उघडून वाचा.