स्वामीजी, खुर्ची आणि मी

आमचं गाव वारंगा फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. फाटा म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला. एक रस्ता हिंगोलीकडे, एक हदगाव-यवतमाळकडे आणि एक नांदेडकडे. एसटी थांबली की लोक उतरतात, गरमागरम खिचडी खातात आणि आपापल्या वाटेला लागतात. सकाळच्या नांदेडच्या गाडीत कॉलेजला जाणाऱ्या पोरींची गर्दी असते. त्यांच्या पदवीच्या कागदावर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असं नाव छापलेलं असतं. माझ्याही होतं. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, ते स्वामीजी कोण होते हे मी पदवी घेऊनही नीट वाचलेलं नव्हतं!

मागच्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनानंतर शाळेतल्या एका मुलीनं स्वामीजींवर भाषण केलं. एवढा मोठा लढा देऊनही स्वामीजी कधी मंत्री झाले नाहीत, असं सांगून तिनं भाषण संपवलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या आणि मनात म्हटलं, चला, आपणही काही कमी नाही! कारण मी ग्रामपंचायतीची निवडून आलेली सदस्य, पण मासिक सभेला जातात आमचे हे. मी फक्त रजिस्टरवर सही करते, तीही घरी बसून. म्हणजे खुर्चीचा मोह मलाही नाहीच की!

घरी आल्यावर मुलाच्या कपाटातून स्वामीजींवरचं पुस्तक काढलं. दोन दिवसांत वाचून संपवलं आणि माझ्या त्या मोठेपणाचं मला हसू आलं.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. कन्नड मुलखात जन्मलेला हा मुलगा सोलापुरात शिकला. १९२० साली लोकमान्य टिळक गेले. तेव्हा सतरा वर्षांच्याही आत असलेल्या या मुलानं लग्न न करता देशाचं काम करायचं ठरवलं. पुढं कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलं. मग प्रकृतीनं दगा दिला, अंग लुळं पडण्यापर्यंत वेळ आली. त्यातून उठले ते थेट उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आजचा धाराशिव) हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर म्हणून आले. १९३२ साली तिथंच संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले. नाव बदललं, भगवी वस्त्रं आली, पण फळा-खडू सुटला नाही. पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुलं घडवली.

तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी माणसं एका राज्यात, पण राज्यकारभार उर्दूत आणि सत्ता एका माणसाच्या हातात. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली. शाळा सोडून स्वामीजी सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. त्यानंतर तुरुंगाच्या वाऱ्या सुरूच राहिल्या. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश पेढे वाटत होता, तेव्हा हैदराबादेत तिरंगा फडकावल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. मधले थोडे दिवस सोडले तर ते आतच होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत शिरलं, १७ तारखेला निजाम शरण आला आणि स्वामीजी बाहेर आले.

गोष्ट इथं संपते असं आपल्याला शाळेत वाटतं. पण मला जास्त भावला तो पुढचा भाग.

निजाम शरण आला म्हणून लगेच लोकांचं राज्य आलं नाही. आधी लष्करी राज्यपाल होते, मग सरकारनं नेमलेले मुख्यमंत्री. स्वतः निजामच १९५० पासून राज्याचे राजप्रमुख! अमेरिकेत राज्याचा राज्यपालसुद्धा लोक मतं देऊन निवडतात. आपल्याकडे राज्यातली सर्वांत मोठी खुर्ची मतांशिवायच भरलेली होती. लोकांच्या हाती खरी किल्ली आली ती १९५२ च्या निवडणुकीत. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागा होत्या. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला आणि बाप्याला मत! त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या बायकांना मतदानापासून अडवलं जात होतं, आणि स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ उजाडलं.

आमच्या आजेसासूबाई त्या पहिल्या मतदानाची गोष्ट फार रंगवून सांगायच्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि पेटीवर चित्र. काँग्रेसचं चित्र बैलजोडीचं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या आत गेल्या आणि चित्र बघून चिठ्ठी टाकून आल्या. कोणत्या पेटीत टाकली हे त्यांनी आजेसासऱ्यांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही! एवढं एक गुपित त्यांचं स्वतःचं होतं.

पण सगळ्याच बायकांच्या नशिबी ते नव्हतं. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढं मोठा पेच पडला. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांत कितीतरी बायकांनी यादीत आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन यांनी ठाम भूमिका घेतली की मतदार म्हणजे नाव असलेलं माणूस. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. वाचताना कसंतरी झालं, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगायला लागल्या हेही खरं.

तर, त्या निवडणुकीत काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या आणि बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. वैजापूरमधून आशाताई वाघमारे निवडून आल्या, म्हणजे आपल्या मराठवाड्याची बाई पहिल्याच विधानसभेत बसली! स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. गंमत म्हणजे परभणीनं मात्र काँग्रेसला नाही, तर शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारेंना लोकसभेत पाठवलं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. लढणाऱ्यांबद्दल आदर होता, पण मत मात्र लोकांनी आपल्या हिशेबानं दिलं.

स्वामीजींची वाट सरळ नव्हती. स्टेट काँग्रेसमध्ये दोन गट होते. एक स्वामीजींचा आणि दुसरा रामकृष्णरावांचा. रुसवेफुगवे, कुरघोड्या सगळं झालं. संन्यासी असले तरी राजकारणातले होते ते, त्यांनाही टीका चुकली नाही. पण एका गोष्टीवर ते हटले नाहीत. हैदराबाद राज्य मोडून तीन भाषांच्या लोकांनी आपापल्या भावंडांत जावं, हा त्यांचा आग्रह होता. ज्या राज्यासाठी तुरुंग भोगला, ते राज्यच राहू नये असं म्हणायला केवढं काळीज लागत असेल! १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य विसर्जित झालं. मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. स्वामीजी १९५७ ला औरंगाबादहून (आजचं छत्रपती संभाजीनगर) पुन्हा लोकसभेत गेले, पण मंत्री कधीच झाले नाहीत. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत त्यांचं निधन झालं. १९९४ मध्ये नांदेडला त्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं.

पुस्तक मिटलं आणि मी विचारात पडले. स्वामीजींनी नाव सोडलं, घर सोडलं, सत्ताही दूर ठेवली. पण ते सगळं त्यांचं होतं, त्यांच्या हातात होतं आणि त्यांनी स्वतः ठरवून सोडलं. शिवाय खुर्ची सोडली तरी काम सोडलं नाही. मी काय सोडलं होतं? मी तर एकदाही त्या खुर्चीवर बसले नव्हते. लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं आणि सभेला यांनी जायचं हेही कुणी मला विचारून ठरवलं नव्हतं. याला त्याग म्हणायचं? जे हातात घेतलंच नाही, ते सोडलं कसं म्हणणार?

पुढच्या मासिक सभेच्या दिवशी सकाळीच स्वयंपाक उरकला. यांना सांगितलं की आज मी जाणार. क्षणभर ते बघतच राहिले. मग म्हणाले की एकटीला बोलणं जमायचं नाही. मी म्हटलं, नाही जमलं तर ऐकून येईन.

खरंच त्या दिवशी फारसं बोलता आलं नाही. नळाच्या पाण्याचा विषय निघाला तेव्हा आवाज थोडा कापला. पण आमच्या गल्लीत पाणी येत नाही, एवढं सांगून झालं आणि ते लिहूनही घेतलं गेलं. रजिस्टरवर सही केली ती तिथंच, त्या खुर्चीवर बसून. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी माझ्यासारख्या निवडून आल्या असतील आणि घरीच सही करत असतील! एकदा जाऊन बसा तरी. सोडायचं की नाही ते मग बघू.