एकोणतिसाव्या वर्षीचा विद्यार्थी

जून-जुलै उजाडला की महाविद्यालयांच्या कचेऱ्यांसमोर रांगा लागतात. त्या रांगेत दरसाल चार-दोन चेहरे असे असतात की, त्यांच्याकडे पाहून शिपाईदेखील क्षणभर घोटाळतो. हा पालक की विद्यार्थी, हे त्यास उमगत नाही. मागे एकदा आमच्या टेबलासमोर असाच एक गृहस्थ उभा राहिला. वय अठ्ठावीस, कुठल्याशा कचेरीत कारकून, घरी पत्नी व दोन मुले. बारावीनंतर दहा वर्षांनी त्यास पदवीच्या पहिल्या वर्षात बसावयाचे होते. मधल्या वर्षांविषयीचे प्रतिज्ञापत्र, ज्यास आपण सारेच ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतो, त्याने आणले नव्हते. शेजारच्या सहकाऱ्याने, आता या वयात शिकून काय दिवे लावणार, अशा अर्थाचे काहीतरी थट्टेने म्हटले. तो गृहस्थ कागद गोळा करून निघून गेला, तो पुन्हा आला नाही. मी त्या वेळी गप्प बसलो, ही गोष्ट मला अद्याप बोचते.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला त्या क्षणी ज्या विद्यार्थ्याची आठवण व्हावयास हवी होती, तो विद्यार्थी १९२० साली, वयाच्या २९व्या वर्षी, मुंबईतील प्राध्यापकाची खुर्ची सोडून लंडनमध्ये पुन्हा बाकावर जाऊन बसला होता. भीमराव रामजी आंबेडकर हे त्याचे नाव. घटनेचे शिल्पकार म्हणून आणि अस्पृश्यांचे मुक्तिदाते म्हणून बाबासाहेबांचे चरित्र घरोघर पोहोचले आहे. परंतु १९१७ ते १९२३ या सहा वर्षांत हा माणूस शिक्षणाचा तुटलेला धागा पुन्हा जोडण्यासाठी कसा झगडला, याकडे मात्र आपण बहुधा पदव्यांची यादी वाचून पुढे सरकतो.

पूर्वार्ध सर्वश्रुतच आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म; वडील रामजी सुभेदार; १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक; एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सेलिग्मनसारखा गुरू भेटला, १९१५ साली एम. ए. झाले आणि १९१६च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र व ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास त्यांनी आरंभिला. आणि नेमकी येथेच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७च्या उन्हाळ्यात अर्धा टाकलेला प्रबंध मागे ठेवून त्यांना परतावे लागले. निघताना त्यांनी एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने त्यांना दिली. एका कागदावरची ही साधी सवलत. पण पुढचे सारे तिच्यावरच उभे राहिले आहे.

परतीची कहाणी विलक्षण कटू आहे. महायुद्ध चालू होते. ज्या बोटीतून त्यांचे सामान येत होते, ती पाणतीराने बुडाली आणि जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. त्या सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये हाती आले, तेच बडोद्यास जाण्याच्या खर्चाला उपयोगी पडले. बडोद्यात या उच्चविद्याविभूषित तरुणास राहावयास खोली मिळेना. ज्या पारशी विश्रांतिगृहात त्यांनी आसरा घेतला होता, तेथून जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले, ती जखम त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. मुंबईस परत आल्यावर शिकवण्या केल्या. शेअरबाजारासंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय उघडला, तोही जात कळल्यावर बसला. या धावपळीतच १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. शेतीचे तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा अतिरिक्त माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे, हे त्यातील प्रतिपादन आजही आम्ही वर्गात शिकवितो.

१९१८च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची हंगामी जागा त्यांना मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळाच्या मानाने ही रक्कम भरघोसच होती. प्रारंभी विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकाकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे मात्र इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानांस येऊन बसू लागले. सहकाऱ्यांपैकी काहींना त्यांनी एकाच भांड्यातले पाणी पिणे खपेना. विद्वत्ता आणि विटाळ या दोन गोष्टी आमच्या शिक्षणसंस्थांत एकाच छपराखाली नांदल्या, हे आपण आपल्या व्यवसायाचा अभिमान मिरविताना विसरता कामा नये.

मार्च १९२० पर्यंत त्यांनी ही नोकरी केली. सोळा-सतरा महिन्यांचा सगळा पगार एकत्र केला तरी साडेसात हजारांच्या आसपासच जातो. त्यात घरखर्च भागवून लंडनचा खर्च साठवावयाचा होता. परळच्या ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत कुटुंब राहिले. रमाबाईंच्या हाती मोजकी रक्कम पडे आणि उरलेला पैसा बाजूला ठेवला जाई. साठविलेला पैसाही अपुराच होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. बडोद्यात एका पारशी वास्तूतून हाकलून लावलेल्या माणसास मुंबईत एका पारशी स्नेह्याने विद्यापीठात परत धाडले. माणसांची पारख जातीवरून करणाऱ्यांनी या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आम्ही अर्थशास्त्राचे लोक संधी-खर्चाची व्याख्या फळ्यावर लिहून देतो. एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते, तिचे मूल्य म्हणजे पहिलीचा खरा खर्च. विसाव्या वर्षी शिकणाऱ्या मुलाचा हा खर्च थोडा असतो, कारण तो कमावत नसतो. एकोणतिसाव्या वर्षी तो अंगावर येतो. मिळविता हात थांबतो, कर्ज वाढते, आणि घरची माणसे त्याचा भार वाहतात. बाबासाहेबांनी काय सोडले? प्राध्यापकाचा पगार मिळवून देणारी लायकी सोडली. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले ‘मूकनायक’ दुसऱ्यांच्या हाती सोपविले. आणि माणगाव व नागपूरच्या परिषदांनी नुकतेच उभे केलेले सार्वजनिक नेतृत्वही काही काळ बाजूला ठेवले. हे शेवटचे सोडणे सर्वांत अवघड असावे, असे मला वाटते. समाज पुढारी म्हणून ओळखू लागल्यावर पुन्हा परीक्षेस बसण्याची छाती फार थोड्यांना होते.

१९२०च्या जुलैत ते निघाले आणि परवानगीची चार वर्षे सरण्याआधी लंडनच्या संस्थेत पुन्हा हजर झाले. तेथील दिनक्रम चरित्रकारांनी तपशिलाने वर्णिला आहे. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मुरंबा आणि चहा एवढ्यावर बाहेर पडावयाचे. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडण्याच्या वेळेपासून बंद होईपर्यंत बसावयाचे. वाहनाचे पैसे वाचविण्यासाठी चालावयाचे, आणि रात्री खोलीवर भाजलेल्या पापडांवर भूक मारून पुन्हा वाचन. खोलीतल्या सोबत्यास मध्यरात्री जाग यावी, तर हे पुस्तकात बुडालेलेच. या वर्णनात भाविकतेचा अंश असेल असे धरले तरी हाती आलेले फळ खरे आहे. १९२१च्या जूनमध्ये ते एम. एस्सी. झाले. १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी काही काळ जर्मनीत बॉन येथे जाऊन राहिले, आणि ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध लंडन विद्यापीठास सादर केला.

या प्रबंधाचा विषय आणि त्याच्या कर्त्याचा खिसा यांचा संबंध माझ्या मते फार जवळचा आहे. १९२०च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर चढला होता. तो दोन सुवर्ण शिलिंगांवर टिकविण्याचा खटाटोप सरकारने केला, आणि वर्ष संपण्यापूर्वीच तो फसला. १९२१ साली रुपया एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली गेला. म्हणजे मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक रुपयामागे लंडनमध्ये पडणारे पेन्स वर्षभरात निम्म्याच्या आसपास आले. चलनाच्या चुकीच्या धोरणाची किंमत सामान्य माणूस कशी मोजतो, हे या विद्यार्थ्यास ग्रंथालयाबाहेरही कळत असले पाहिजे. केन्ससारख्या धुरंधराने १९१३ साली ज्या सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती, त्यावरच या प्रबंधात हल्ला आहे. त्या व्यवस्थेत चलननिर्मितीस खरा आवर राहत नाही आणि रुपयाची क्रयशक्ती सरकारच्या मर्जीवर तरंगते, हा त्याचा गाभा. रिझर्व्ह बँक या ग्रंथातूनच जन्मली, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. इतके ताणण्याची गरज नाही. ग्रंथाचे मोल त्याच्या युक्तिवादात पुरेसे आहे.

परीक्षकांना तो युक्तिवाद जसाच्या तसा रुचला नाही आणि १९२३च्या मार्चमध्ये प्रबंध सुधारून देण्यास सांगण्यात आले. तोवर पैसा संपला होता. एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईस परतले. निष्कर्षांना हात न लावता त्यांनी येथूनच मांडणी सुधारून पाठविली आणि नोव्हेंबरात डी. एस्सी. मंजूर झाली. डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ काढला. त्यास गुरू एडविन कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवूनच प्रस्तावना लिहिली. त्या वेळी कर्त्याचे वय ३२ होते.

मला राहून राहून वाटते की, १९१७ ते १९२० या खंडाचे प्रतिज्ञापत्र त्यांच्याकडे कोणी मागितले असते, तर त्यांनी त्यात काय लिहावयाचे होते? बुडालेली पुस्तके, बागेतले झाड, पाण्याचे भांडे, की महिन्याअखेर मोजलेल्या नोटा? लंडन विद्यापीठाने यातले काही विचारल्याचे वाचनात नाही. त्याने केवळ जागा राखून ठेवली होती. मुक्त विद्यापीठे आली, नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावे १९८९ साली एक उभे राहिले, त्यामुळे पुष्कळ दारे उघडली हे खरे. परंतु नियमित महाविद्यालयाच्या टेबलामागे बसलेले आम्ही त्या मानाने फारसे बदललेलो नाही.

रुपयावरचा तो ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्यांनी परळच्या दोन खोल्यांत हा खर्च पै-पैने सोसला, त्या रमाबाईंचे १९३५ साली निधन झाले. १९४० साली पाकिस्तानविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या अर्पणपत्रिकेवर त्यांचे नाव आले. घरात हाक मारावयाचे, रामू असे.