विश्लेषण : डच ‘बियाण्यांच्या गावा’चे गोव्याशी नाते काय? कोण होता लिन्सखोतेन?

संकरित बियाणे, पॉलिहाउस आणि शेती अभ्यासदौरे यांमुळे मढ ते नारायणगाव पट्ट्यातील भाजीपाला उत्पादकांना नेदरलँड्स हे नाव परके राहिलेले नाही. तिथल्या बियाणे उद्योगाचे एक मोठे केंद्र म्हणजे एंकहाउझन. अॅमस्टरडॅमहून रेल्वेने साधारण तासाभराचे हे छोटे बंदर पर्यटकांच्याही आवडीचे आहे. पण या गावाच्या जुन्या श्रीमंतीचा एक धागा थेट गोव्यात येतो. तो जोडणारा माणूस होता यान हाउखेन फान लिन्सखोतेन.

गोव्यात तो कसा पोहोचला?

जन्म 1563 चा, हार्लेमचा. वाढला मात्र एंकहाउझनमध्ये. 1579 च्या अखेरीस, वयाच्या सोळाव्या वर्षी तो स्पेनमध्ये भावांकडे निघाला. पुढे लिस्बनला गेला आणि गोव्याचे नवे आर्चबिशप व्हिसेंते दा फोन्सेका यांच्या पदरी कारकून म्हणून लागला. सप्टेंबर 1583 मध्ये तो गोव्यात उतरला. त्या वेळी भारताकडे येणारा सागरी मार्ग पोर्तुगीजांच्या हाती होता. वारे कधी फिरतात, खडक कुठे आहेत, कोणत्या बेटावर पाणी मिळते, हे सारे ते जिवापाड जपत. नाणेघाट, माळशेजसारख्या वाटांनी कोकणातल्या बंदरांत उतरणारा देशावरचा माल समुद्रापार न्यायचा, तरी त्यांच्या आरमाराला चुकवणे अवघड होते.

आर्चबिशपच्या कारकुनाला कागदपत्रे दिसत आणि खलाशी, व्यापारीही भेटत. पाच वर्षे तो ऐकत आणि लिहीत राहिला. गोव्यातला रस्त्यावरचा लिलाव, तिथे विकली जाणारी माणसे, ब्राह्मण दुकानदार, आंबा, विड्याचे पान यांविषयी त्याने लिहिलेच. शिवाय मालाच्या आणि जलमार्गांच्या नोंदीही गोळा केल्या. राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज सोबती गोव्यात कैदेत पडले, ती हकिगतही त्याच्याकडे आहे. त्यांच्या सुटकेसाठी धडपडलेले फादर थॉमस स्टीफन्स म्हणजे पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारेच.

लिन्सखोतेनला कुणी हेर म्हणून पाठवले होते, असा पुरावा नाही. त्याने जमवलेल्या माहितीचा परिणाम मात्र कुठल्याही हेराच्या कामगिरीपेक्षा मोठा ठरला.

परत गेल्यावर काय घडले?

पोर्तुगालला निघालेले आर्चबिशप 1587 मध्ये प्रवासातच वारले. आश्रय गेला, तसा लिन्सखोतेननेही परतीचा मार्ग धरला. वाटेत अझोर बेटांवर तो दोन वर्षे अडकला आणि 1592 मध्ये घरी पोहोचला. एंकहाउझनमधल्या पालुदानुस या विद्वान डॉक्टरने त्याच्या लेखनाला टिपा जोडल्या. 1595 मध्ये जलमार्गांचा भाग आणि 1596 मध्ये ‘इतिनेरारिओ’ हा मुख्य ग्रंथ छापून आला. दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

सर्वांत कामाचा सल्ला होता तो मलाक्काच्या सामुद्रधुनीबद्दल. तिथे पोर्तुगीजांचा पहारा होता. त्याऐवजी सुमात्राच्या दक्षिणेकडून, सुंदा सामुद्रधुनीतून जावाला जावे, असे त्याने सुचवले. 1595 मध्ये कोर्नेलिस दे हाउटमानची 4 जहाजे याच माहितीच्या आधारे निघाली. दोनशेहून अधिक माणसे गेली, शंभरहूनही कमी परतली. तरीही मार्ग खुला झाला. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या सहा शाखांपैकी एक होती एंकहाउझनची. पुढे बांदा बेटांवर जायफळासाठी या कंपनीने केलेला संहार पाहता, ही केवळ धाडसाची गोष्ट राहत नाही.

लिन्सखोतेन स्वतः पुन्हा भारतात आला नाही. उत्तर ध्रुवाकडून आशियात जाण्याची वाट शोधणाऱ्या दोन मोहिमांत तो होता. बर्फामुळे दोन्ही फसल्या. नंतर गावाचा खजिनदार झाला आणि 1611 मध्ये तिथेच वारला.

आज तिथे काय पाहता येते?

बंदराच्या तोंडावर 1540 चा ड्रोमेडारिस बुरूज आहे. जवळच ‘पेपरहाउस’, म्हणजे शब्दशः मिरीघर. एकेकाळी कंपनीचे गोदाम असलेली ही वास्तू आता झाउडरझे संग्रहालयाचा भाग आहे. काठावरच्या जुन्या गावांमधली घरे हलवून आणून संग्रहालयाने एक अख्खी वस्तीच उभी केली आहे. घाईत असाल तरी ती चुकवू नये. समोरचे पाणी मात्र आता खारे नाही. 1932 मध्ये 30 किलोमीटरहून लांब बांध घालून समुद्राचे तोंड बंद केले गेले आणि त्याचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. पिंपळगाव जोगा धरणाच्या काठच्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटावे; फक्त डोंगर नाहीत.

डचांची खूण पाहण्यासाठी एवढ्या लांब जायलाच हवे असेही नाही. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला त्यांनी 1637 मध्ये वेंगुर्ल्यात ठाणे मांडले. तिथली डच वखार आज पडक्या अवस्थेत का होईना, उभी आहे.