फोर्टमधल्या इमारती आणि बाबासाहेब

६ डिसेंबरला लाखो अनुयायी दादरला चैत्यभूमीवर येतात आणि बहुतेक जण तिथूनच गावी परततात. फोर्टकडे फारसे कोणी वळत नाही. दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी काळातल्या इमारती म्हटल्या की कमानी, घुमट आणि दगडी कोरीवकामाचेच कौतुक होते. आम्हाला त्यांचा हिशोब वेगळा मांडावासा वाटतो. बाबासाहेबांना तिथे पाणी मिळाले का?

साताऱ्याहून आलेले भीमराव परळच्या चाळीत एका खोलीत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले. शाळा सरकारी, प्रवेशाला आडकाठी नव्हती. पण शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा सवर्ण मुलांनी फळ्यामागचे डबे बाजूला काढले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसताना त्यांची ओळख केळुसकर गुरुजींशी झाली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. १९५६ च्या धम्मदीक्षेचा धागा शोधायचा तर आम्ही या बागेपासून सुरुवात करू.

एल्फिन्स्टन कॉलेजात सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपये शिष्यवृत्ती होती, प्रा. मुल्लर पुस्तके आणि कपडे देत. कॉलेजचा हॉटेलवाला मात्र चहा-पाणी देईना. परदेशात शिकून आल्यावर १९१८ साली ते सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथेही त्यांनी मडक्यातले पाणी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२३ साली हायकोर्टात वकिली सुरू केली, तर सॉलिसिटर कामे देईनात.

इंग्रजांनी दारे उघडली, असे आपल्यातले अनेक जण सहज बोलून जातात. दार उघडले हे खरे, पण आतल्या मडक्याकडे सरकारने पाहिले नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये बोले यांच्याच ठरावाने मुंबई कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळेही खुले केले, कागदावर. १९२७ साली तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, तेही मार खाऊन.

बाबासाहेबांनी पुढे स्वतःची संस्था काढली. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. सुरुवात लष्कराच्या बराकींत झाली, आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले. (आजही रात्रपाळी करून शिकणाऱ्या मुलामुलींना याचे मोल कळेल.) नंतर फोर्टमध्येच दोन जुन्या इमारती घेतल्या. अल्बर्ट बिल्डिंग झाली बुद्ध भवन, माणेकजी वाडिया बिल्डिंग झाली आनंद भवन. आनंद म्हटले की आपल्याला मातंग कन्येकडे पाणी मागणारा भिक्खूही आठवतो.

दोन्ही इमारतींपर्यंत सीएसएमटी स्टेशनवरून चालत जाता येते. यंदा गाडी पकडण्याआधी तासभर काढावा.