डनलॉप : चाकात हवा भरणारा पशुवैद्य

टायर म्हटले की पाठोपाठ डनलॉप हे नाव उच्चारणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. ते नाव एका कंपनीचे, एवढे सर्वांना ठाऊक असते. मुळात ते जनावरांवर उपचार करणाऱ्या एका दाढीधारी स्कॉटिश गृहस्थाचे होते आणि कंपनीच्या ऐश्वर्यात त्यांचा वाटा अगदीच थोडा होता, ही हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दोन महिने आधी जन्मलो, हे घरच्यांकडून ऐकून त्यांनी आपली प्रकृती नाजूक असल्याचे मनाशी पक्के धरले आणि जन्मभर तसे जपून वागले. एडिंबरोत पशुवैद्यक शिकून ते १८६७ मध्ये आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा चांगला जम बसला. आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांत त्यांचा दवाखाना गणला जाऊ लागला.

बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे. त्या काळच्या सायकलींना भरीव रबराची चाके असत आणि प्रत्येक खाच बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचे. लोखंडी धावेच्या बैलगाडीतून खडीच्या वाटेने गेलेल्या कोणालाही याची कल्पना येईल. १८८७ मध्ये डनलॉप यांचा लहान मुलगा आपल्या तीनचाकीबद्दल कुरकुर करू लागला, तेव्हा वडिलांनी एक मिलिमीटरही जाड नसलेल्या रबरी पत्र्याची नळी चिकटवली, ती लाकडी तबकडीभोवती लिननच्या पट्टीने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग तीनचाकीचे एक साधे चाक आणि हे नवे चाक त्यांनी आवारात घरंगळत सोडून पाहिले. साधे चाक मध्येच आडवे झाले. हवेचे चाक पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळून माघारी उसळले. चाचणी एवढीच, पण तिच्यात सगळे आले होते. कठीण चाक प्रत्येक खड्यावर उचलले जाते आणि वेग गमावते. हवेचे चाक तो खडा स्वतःत सामावून घेते.

१८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू या जाडजूड चाकांनिशी उतरला. प्रेक्षक आधी हसले. त्याने त्या दिवशीच्या चारही शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी डब्लिनचे उद्योजक हार्वी ड्यू क्रॉ यांच्या पुढाकाराने कंपनी उभी राहिली.

आणि मग घाव बसला. पेटंट मिळून फार काळ लोटला नव्हता, तोच ते टिकणार नाही असे कळवण्यात आले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्ये नोंदवून ठेवली होती. त्याची हवेची चाके लंडनमध्ये घोडागाड्यांना लावूनही पाहिली गेली. पण रबर महाग होते आणि सायकलींचे युग यायचे होते. चाके विसरली गेली. थॉमसन १८७३ मध्येच वारला होता. डनलॉप यांनी त्याची कल्पना उचलली, असे म्हणायला आधार नाही. मात्र पहिलेपणाचा कायदेशीर मान त्यांच्या हातून गेला.

कंपनी तरली ती इतरांच्या पेटंटांवर. डनलॉप यांचा टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे तो सोलून काढणेच. चार्ल्स वेल्च याने कडेला तार घालून टायर उतरवता येईल असा केला. १८९१ मध्ये चार्ल्स वुड्स याने साधा, बदलता येणारा व्हॉल्व्ह दिला. आपल्या सायकलींच्या ट्यूबला आजही बहुधा तोच असतो. गंमत अशी की त्यालाही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात.

व्हॉल्व्ह महत्त्वाचा, कारण गाडीचा भार मुख्यतः टायरमधील दाबलेली हवा पेलते आणि ती हळूहळू झिरपत राहते. म्हणून पंप हा या शोधाचा दुसरा अर्धा भाग होय. तीनचाकीला फुटबॉलचा पंप पुरला. मालट्रकच्या टायरला दर चौरस इंचास शंभर पौंडांच्या आसपास दाब लागतो आणि त्यात हवाही पुष्कळ मावते. आज ट्रक किंवा ट्रेलरसाठी सोबत नेण्याजोगा कॉम्प्रेसर घेणाऱ्याने खोक्यावरच्या कमाल दाबाच्या आकड्याला भुलू नये. लागणाऱ्या दाबावर तो मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि न थांबता किती वेळ चालतो, हे विचारावे. मोठ्या ट्रकची वीजव्यवस्था सहसा २४ व्होल्टची असते. कारसाठीचे १२ व्होल्टचे यंत्र तिथे चालत नाही. जोडणी लायटरच्या खोबणीतून न करता थेट बॅटरीवर हवी आणि नळी मागच्या जोडचाकांतील आतल्या चाकापर्यंत पोचायला हवी. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर धावलेला टायर मात्र उतरवून तपासल्याखेरीज फुगवू नये. त्याची बाजू आतून फाटलेली असू शकते आणि तो फुटला तर जीव जातो.

डनलॉप यांनी १८९५ मध्ये कंपनी सोडली आणि आपला हिस्सा विकला. पुढच्याच वर्षी ड्यू क्रॉ यांनी ती ३० लाख पौंडांना विकली. घाई नडली म्हणावे, तर धंद्याचा त्यांना मुळातच फारसा सोस नव्हता. नंतर डब्लिनमध्ये त्यांनी कापडाच्या व्यापारात लक्ष घातले. त्यांचा दाढीवाला चेहरा कंपनीची खूण बनला, आणि त्यांच्या हयातीतच हवेचे टायर मोटारींवरून मालट्रकांवर गेले. पुढे भारतातही डनलॉपचा कारखाना निघाला, तो १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीलाही रबरी चाके आली आणि तिची टायरगाडी झाली.

प्रकृतीला जन्मभर जपणाऱ्या या माणसाला ऐंशी वर्षांत मोठे आजारपण आले नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये थंडी बाधल्याचे निमित्त झाले आणि २३ तारखेला डब्लिनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. टायरच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले.